पाऊण सेकंदाची तार

आमच्या धानोरीत गुरुवारी वीज गेली की सासूबाई आतल्या खोलीतून हाक मारतात, "अगं, लाव तुझा रेडिओ. आता हवा स्वच्छ असेल."

हवा म्हणजे लहरींची हवा. एरवी आमच्या इमारतीतले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर, घरोघरचे इन्व्हर्टर या सगळ्यांचा मिळून जो गोंगाट चालतो, तो माणसाला ऐकू येत नाही. शॉर्टवेव्हच्या रेडिओला मात्र तो पिठाच्या गिरणीसारखा ऐकू येतो. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवायची पुण्यातली पद्धत जुनी आहे. त्या दिवशी आम्ही दोघी घरातला इन्व्हर्टरही बंद करतो, लॅपटॉप बॅटरीवर घेतो, गच्चीवरून खाली आणलेली केबल जोडतो आणि दहा मेगाहर्ट्झच्या आसपास थांबतो. पाच-सात मिनिटांत पडद्यावर एक ओळ उमटते. हाट याई.

हाट याई हे थायलंडच्या दक्षिणेकडचं शहर. तिथल्या विमानसंदेशांच्या केंद्रातून दर ३२ सेकंदांनी एक छोटा संदेश जगभर जातो. मी इथे आहे, माझ्या अमुक फ्रिक्वेन्सी चालू आहेत, ज्या विमानाला बोलायचं असेल त्याने बोलावं. या ३२ सेकंदांचे तेरा भाग पाडलेले असतात. पहिला भाग केंद्राचा, उरलेल्यांत समुद्रावरची विमानं आपापली पाळी धरून उत्तरं देतात. अशी केंद्रं जगात पंधराच्या आसपास आहेत. आयर्लंडमध्ये शॅनन, आफ्रिकेत जोहान्सबर्ग, आखातात बहरीन, सैबेरियात क्रास्नोयार्स्क. लहरी वातावरणाच्या आयनांबर या वरच्या थरावर आपटून परततात म्हणून त्या धानोरीपर्यंत पोहोचतात. रात्री कधीतरी क्रास्नोयार्स्क लागतं तेव्हा सासूबाई शाल ओढून घेतात. त्या या बत्तीस सेकंदांच्या संदेशाला हजेरी म्हणतात. "बहरीनची हजेरी आली का?" असं विचारतात, शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या कुणाची चौकशी करावी तसं.

सासूबाई आता एकोणऐंशीच्या आहेत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तारऑफिसात काढली, त्यातली बरीचशी टेलिप्रिंटरवर. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आम्हा दोघींना जोडणारं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. ते सापडायला वीस वर्षं लागली आणि ते विमानांच्या चिठ्ठ्यांत सापडलं.

सुरुवात एका डोंगलपासून झाली. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली एक स्वस्त यूएसबी कांडी असते. २०१२ च्या सुमारास काही हौशी लोकांच्या लक्षात आलं की तिच्यातली रियलटेकची चिप कच्च्या लहरीच संगणकाला देऊ शकते. मग रेडिओचं उरलेलं सगळं काम सॉफ्टवेअरने करायचं. पंचवीस मेगाहर्ट्झपासून सतराशेपर्यंत कुठेही कान लावता येतो. माझ्याकडे हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना होता, पण घरात मोठं यंत्र ठेवायला जागा नव्हती. ही कांडी तळहातात मावत होती.

विमानांच्या संदेशांची जागा १३१ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे तरंगलांबी सव्वादोन मीटरच्या थोडी वर, तिचा चौथा हिस्सा सत्तावन्न सेंटिमीटर, आणि प्रत्यक्ष अँटेनाची काडी त्याहून दोनेक सेंटिमीटर आखूड. तपकीर गल्लीतून कनेक्टर आणि केबल आणली, पितळी सळया पेठेतल्याच एका दुकानातून. एक सळई उभी, चार खाली तिरक्या पसरलेल्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ती उभी करायला सोसायटीची परवानगी लागली. चेअरमननी विचारलं, "यातून किरणं निघतात का?" मी सांगितलं, "यातून काहीच निघत नाही काका. ही फक्त ऐकते." त्यांना ते पटलं, आणि मलाही पहिल्यांदाच ते वाक्य इतकं नीट सुचलं.

पहिला आवाज ऐकला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. खर्रर्र. संपला. कुणीतरी जाड कापड एका झटक्यात फाडावं तसा. पुन्हा चार सेकंदांनी, खर्रर्र. विमानांच्या लेखी संदेशांच्या या पद्धतीला एकार्स म्हणतात. त्यात दोनच सूर असतात, एक १२०० हर्ट्झचा आणि एक २४०० चा, आणि त्यांच्या अदलाबदलीतून सेकंदाला २४०० बिट जातात. एका संदेशात फार तर २२० अक्षरं मावतात. गणित केलं तर पूर्ण भरलेली चिठ्ठीसुद्धा पाऊण सेकंदाच्या आसपास संपते. विमानाचा नोंदणी क्रमांक, दोन अक्षरांची खूण, मग मजकूर, शेवटी पडताळणीची बेरीज. नोंदणीसाठी सात जागा राखलेल्या असतात. आपल्याकडचे क्रमांक व्हीटी-अमुकतमुक असे मधली रेघ धरून सहाच अक्षरांचे भरतात, म्हणून सुरुवातीला एक टिंब येतं. पहिली ओळ पडद्यावर उमटली ती त्या टिंबाने. टिंब, व्ही, टी. खिडकीबाहेर लोहगावच्या विमानतळावरून नुकतंच उडालेलं एक विमान चढत होतं. माझ्या हाताला घाम आला होता.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, पडद्यावरची ती मोठ्या अक्षरांची, स्वर गाळलेल्या शब्दांची रांग वाचली आणि म्हणाल्या, "हे तर आमचं लिखाण आहे."

मी तेव्हा हसून मान हलवली. त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे नंतर वाचत गेले तेव्हा कळलं. एकार्सची सुरुवात १९७८ सालची, अमेरिकेतली, एरिंक नावाच्या कंपनीची. ही कंपनी १९२९ पासून विमान कंपन्यांची रेडिओची कामं करायची. त्या वेळचा प्रश्न साधा होता. विमान फलाटावरून कधी हललं, कधी उडालं, कधी टेकलं, कधी थांबलं, या चार वेळा वैमानिक आवाजी रेडिओवर सांगत. त्यावर कर्मचाऱ्यांचा पगार ठरे, आणि सगळे एकदम बोलायला लागले की लहरी तुंबत. मग ठरलं की दार बंद झालं, ब्रेक सुटला, चाकांवरचा भार उठला, की विमानाने आपणहून चिठ्ठी पाठवावी. ती चिठ्ठी जमिनीवर पोहोचल्यावर ज्या जाळ्यातून पुढे जायची, ते विमान कंपन्यांचं टेलिप्रिंटरचंच जाळं होतं. तीच सात अक्षरी पत्त्यांची पद्धत, तीच मोठी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराला पैसे. म्हणून शब्द छाटलेले. ज्यांनी आयुष्यभर शब्दागणिक दर लावून तारा पाठवल्या त्या बाईंनी ते बघताक्षणी ओळखलं होतं.

त्यांच्या यंत्राची पट्टी पाच भोकांची असायची. पाच भोकांच्या बत्तीसच जुळण्या होतात, म्हणून आकड्यांसाठी आधी एक खूण मारायची आणि अक्षरांकडे परतताना दुसरी. ती परतीची खूण वाटेत हरवली तर पुढचं सगळं वाक्य आकड्यांत उमटे. सासूबाई अशी आकड्यांत गेलेली तार बोटावर मोजून परत अक्षरांत आणत. त्यांचा तो हात अजून आहे. एकार्समध्ये अक्षराला सात बिट आणि आठवा चूक दाखवणारा राखणदार, पण दूरच्या विमानाच्या चिठ्ठीत एखादा बिट उलटला की अक्षर भलतंच येतं. मी सॉफ्टवेअरला अशा फाटक्या ओळी टाकून द्यायला सांगितलं होतं. सासूबाईंनी ते बदलायला लावलं. "फाटकी तार टाकतात का? ठेव. वाचू." आणि त्या वाचतात. मुंबईच्या विमानतळाचं चार अक्षरी नाव व्हीएबीबी, पुण्याचं व्हीएपीओ. त्यांतलं एक अक्षर गेलं तरी बाकीच्या मजकुरावरून त्या लावतात.

आमच्या गच्चीवरून एक अडचण कायमची आहे. या लहरी सरळ रेषेत जातात. पस्तीस हजार फुटांवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं, पार समुद्रावरचं, पार सोलापूरच्या पुढचं. पण मुंबईचं जमिनीवरचं केंद्र सह्याद्रीच्या आड आहे, ते आम्हाला कधीच ऐकू येत नाही. संभाषणाची एकच बाजू मिळते. मला आधी याचं वाईट वाटायचं, नंतर त्यातच खरी गोडी आहे असं वाटायला लागलं. विमान जेव्हा पोच देतं तेव्हा मिळालेल्या चिठ्ठीचा क्रमही सांगतं. म्हणजे आत्ता खालून काहीतरी वर गेलं हे आम्हाला समजतं, काय गेलं ते समजत नाही. मग पुढच्या उत्तरावरून प्रश्न ओळखायचा. फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून पलीकडचं ओळखावं तसं.

मागच्या एका जुलैत मुंबईत रात्रभर पाऊस कोसळत होता. नऊनंतर पडदा थांबेनाच. एकामागून एक विमानं मुंबईचं हवामान मागत होती. त्या मागणीची खूण बी-नाइन, ती आली की आम्हाला कळतं. मग तेच विमान दहा मिनिटांनी पुन्हा मागायचं. याचा अर्थ ते घिरट्या घालत होतं. एका विमानाने उरलेलं इंधन कळवलं, पुढच्या चिठ्ठीत अहमदाबादचं नाव होतं, त्यानंतर बराच वेळ काही नाही, फक्त एक पोच. मग एक ओळ हाताने टाइप केलेली, चुका असलेली, त्यात उतारूंपैकी किती जणांचं पुढचं विमान आहे ते होतं आणि शेवटी एका लहान बाळासाठी दूध गरम करायची सोय खाली होईल का, असं विचारलेलं. खालून काय उत्तर गेलं ते सह्याद्रीआड राहिलं. विमानाने पोच दिली आणि लगेच दोन अक्षरं, टीएक्स. आभार. सासूबाई म्हणाल्या, "झाली सोय." आणि मग झोपायला गेल्या. तोवर पावणेदोन वाजले होते.

यंत्रांच्या चिठ्ठ्या त्याहून कितीतरी जास्त असतात. इंजिनाचं तापमान, वाऱ्याची दिशा, बाहेरची थंडी. एप्रिलमध्ये खाली धानोरीत पारा चाळिशीला टेकलेला आणि बरोबर आमच्या डोक्यावरून जाणारं विमान सांगतं, बाहेर उणे चाळीस. विमानांची ही वारा आणि तापमानाची निरीक्षणं जगभरच्या हवामान खात्यांकडे जातात, त्यांच्या अंदाजांना ती लागतात. शिवाजीनगरला आपलं सिमला ऑफिस आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं तेव्हापासूनचं ते नाव. रिक्षातून तिथून जाताना आता मला त्या दगडी इमारतीकडे बघून वर आकाशाकडे बघावंसं वाटतं.

२०२० सालच्या मार्चच्या २५ तारखेपासून देशातली प्रवासी विमानं थांबली. ती मेच्या २५ तारखेला पुन्हा उडाली. त्या दोन महिन्यांतला पडदा मी विसरणार नाही. मालवाहू विमानं तेवढी चालू होती, तीही बरीचशी रात्रीची. तासन्‌तास एक ओळ नसायची. जगभर विमानं जमिनीवर असल्याने हवामानाची ही निरीक्षणंही मोठ्या प्रमाणात आटली होती. सासूबाई त्या काळात रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. तारऑफिस बंद व्हायला आलं तेव्हाचे दिवस त्यांना आठवत असावेत. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. त्याच्या किती आधीपासून यंत्रासमोर नुसतं बसून राहावं लागे, ते त्या काळात त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. २५ मेच्या सकाळी टिंब-व्हीटी अशी ओळ आली आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो.

एक गोष्ट मी त्यांना सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला होता. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ माणसं होती. त्या विमानाच्या यंत्रणेने ग्रीनिच वेळेनुसार रात्री २ वाजून १० मिनिटांपासून २ वाजून १५ मिनिटांपर्यंत देखभालीच्या २४ चिठ्ठ्या आपणहून पाठवल्या. वेग मोजणाऱ्या नळ्यांचा मेळ लागत नाही, स्वयंचलित चालक सुटला, अशा. शेवटच्यांत एक होती ती केबिनमधला दाब फार झपाट्याने बदलतो आहे अशा अर्थाची. त्या चिठ्ठ्या वैमानिकांनी पाठवलेल्या नव्हत्या. वर्कशॉपला पुढच्या दुरुस्तीची तयारी ठेवता यावी म्हणून यंत्र त्या पाठवत असतं. काळ्या पेट्या समुद्रतळातून २०११ मध्ये निघाल्या. तोवर, समुद्रावर तरंगत सापडलेले अवशेष सोडले तर, त्या चोवीस ओळीच जगाच्या हातात होत्या.

सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "त्या वेळी पलीकडे कुणी वाचत होतं का?" मी म्हणाले, "आपोआप येतात आई, आपोआप नोंदल्या जातात." त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी प्रत्येक तार कुणीतरी वाचलेली असायची. वाचल्याशिवाय पुढे जायचीच नाही." त्यांच्या हातून गेलेल्या मृत्यूच्या तारांचा आकडा त्यांना माहीत नाही. त्या तारा टाइप करताना चेहरा कोरा ठेवायचा, असं वरिष्ठांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं म्हणे. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही कळता कामा नये.

तोच नियम आमच्या घरात आहे. दुसऱ्याची तार उघड करणं १८८५ च्या तार कायद्याने तारऑफिसातल्या माणसासाठी गुन्हा होता. रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही परक्या संदेशांच्या गुप्ततेचं कलम आहे. एकार्स सत्तरच्या दशकातली रचना. कुलूप लावायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही, म्हणून आजही बराचसा मजकूर उघडाच जातो. उघडं आहे म्हणून ते आपलं होत नाही. कधी एखाद्या आजारी उतारूची चिठ्ठी येते, त्यात आसन क्रमांक असतो, क्वचित नाव. ती ओळ मी तिथल्या तिथे पुसते. रात्री सगळी नोंद पुसून टाकते. इथे जे लिहिलं आहे त्यातही विमान कुठलं, दिवस कुठला, हे मुद्दाम ठेवलेलं नाही. सैन्याच्या विमानांच्या वाटेला आम्ही जातच नाही. ती डोक्यावरून जातात तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, तेवढंच आमचं त्यांच्याशी नातं.

समुद्रावरची बोलणी निराळी असतात. अरबी समुद्रावर नेहमीचा आवाजी रेडिओ पोहोचत नाही तिथे नियंत्रक आणि वैमानिक ठरावीक वाक्यांतून लिहून बोलतात. प्रत्येक वाक्याला क्रमांक आहे. अमुक उंचीवर चढा, हे खालून जाणारं विसावं वाक्य. वरून जाणारं शून्यावं वाक्य म्हणजे 'होय, करतो'. एकावं म्हणजे 'जमणार नाही'. तारेवरून आकडा जातो, पलीकडे पूर्ण वाक्य उमटतं. हे ऐकून सासूबाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. शुभेच्छांच्या तारांचं अगदी असंच होतं. दिवाळीला एक आकडा, लग्नाला दुसरा, बारशाला तिसरा. गिऱ्हाईक आकडा निवडायचं, यंत्रावरून तेवढाच जायचा, पलीकडच्या ऑफिसात छापील वाक्य तयार व्हायचं. "शून्य म्हणजे होय?" त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. आमच्याकडे होय नव्हतंच." त्या दिवसापासून मी विचारलं, चहा ठेवू का, की आतून उत्तर येतं, "शून्य."

गेल्या डिसेंबरात त्या नागपूरला माझ्या नणंदेकडे गेल्या. विमानाचा पहिलाच प्रवास. आयुष्यभर रेल्वेने गेल्या आणि गेली काही वर्षं विमानांच्या चिठ्ठ्या वाचल्या, पण आत कधी बसल्या नव्हत्या. गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची सांगितली होती. त्यांना लोहगावला दारापर्यंत सोडून मी घरी आले आणि पडद्यासमोर बसले. फलाट सोडल्याची चिठ्ठी आली. मग अकरा मिनिटं काही नाही. मग चाकं उचलल्याची वेळ, ०४४२. त्यात साडेपाच तास मिळवायचे. दहा वाजून बारा मिनिटं. खिडकीशी जाऊन पाहिलं तर ते विमान वळत होतं.

अहिल्यानगर, बीड, परभणी. वारा पाठीमागून, बाहेर उणे सदतीस. वाशिमच्या आसपास ते उतरायला लागलं असावं. एक ओळ आली, अर्धी फाटलेली. नोंदणीची अक्षरं होती, मजकुराचा शेपटाकडचा भाग होता, मधली जागा भलत्याच चिन्हांनी भरलेली. मग ते क्षितिजाखाली गेलं. नेहमी मी रात्री पुसते, ती ओळ मी कागदावर उतरवून ठेवली.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. पिशवीतून संत्रा बर्फी काढून ठेवली, पाय धुतले, चहा घेतला. मग चष्मा लावून म्हणाल्या, "आण तो कागद. असणारच तुझ्याकडे." मी दिला. त्यांनी पेन्सिल घेतली. अर्धा तास लागला. शेवटचे पाच अंक उतरण्याच्या वेळेचे आणि फलाटाचे होते, ते लागले. त्याआधी डब्ल्यूसीएच अशी तीन अक्षरं जुळली. ती चाकाच्या खुर्चीची खूण असते. चौथं अक्षर माणूस किती चालू शकतो ते सांगतं, तेच नेमकं फाटलं होतं. आणि त्याच्या पुढे आकडा. तो दोन असेल किंवा सहा.

"दोन," त्या म्हणाल्या. "मी आणि मागच्या रांगेतले एक आजोबा. अकोल्याचे होते." त्यांनी फाटलेल्या जागी पेन्सिलीने दोन लिहिला, कागदाची चौकोनी घडी घातली आणि ती चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.